तासाचे पैसे

गेल्या महिन्यातली गोष्ट. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला माझी एक अपॉइंटमेंट असते. कुठली ते सांगतो. मी गेले पाच महिने एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जातोय. (हुश्श, लिहून टाकलं एकदाचं!) तर त्या गुरुवारी सव्वासहाला प्रॉडक्शनने मान टाकली. क्लायंट कॉलवर, मॅनेजर खुर्चीच्या मागे उभा, आणि मी लॉग चाळतोय. डोकं वर काढलं तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि फोनवर मॅडमचा मेसेज पडला होता. आज तुम्ही आला नाहीत, सगळं ठीक असेल अशी आशा आहे, आजच्या तासाचे पैसे मात्र धरावे लागतील.

पंधराशे रुपये. न झालेल्या बोलण्याचे!

खरं सांगायचं तर पहिल्याच दिवशी त्यांनी हा नियम सांगितला होता. चोवीस तास आधी कळवलं नाही तर फी लागेल. मी मान डोलावली होती, जशी आपण सॉफ्टवेअरच्या अटींखाली टिचकी मारतो तशी. पण प्रत्यक्ष पैसे द्यायची वेळ आली तेव्हा असा राग आला म्हणून सांगू. दुकान चालवताय की मन सांभाळताय? त्या रागात पुढचे दोन गुरुवार मी गेलोच नाही. कळवून टाकलं, काम आहे. काम काही नव्हतं. घरी बसून वेबसिरीज बघितली.

त्यातच आईचा फोन. तिला मी जातो हे माहीत आहे, फी माहीत नव्हती. बोलण्याच्या ओघात आकडा निघून गेला. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाली, "अरे, नुसतं बोलायचे पंधराशे? मग मला फोन कर ना, मी फुकट ऐकते." :)

हसलो, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. हा नियम काढला कुणी? नुसत्या बोलण्याला ताशी दर कधीपासून लागला? शनिवार-रविवार मोकळाच होता, म्हटलं बघूया खणून. आणि खणताना मनात होतं ते असं, की हा नियम कसा चुकीचा आहे याचा पुरावा मिळाला की मॅडमना पाठवून द्यायचा. पुरावा मिळाला खरा, पण मला हवा होता त्याच्या अगदी उलट. निदान सुरुवातीला तरी.

तर मंडळी, आरोपी क्रमांक एक आहेत डॉ. सिग्मंड फ्रॉइड, मुक्काम व्हिएन्ना, बर्गगासे १९. (फ्रॉइड डॉक्टर होता आणि माझ्या मॅडम डॉक्टर नाहीत, त्या गोळ्या देत नाहीत. पण 'ठरलेल्या वेळी या, बसा, बोला, पैसे द्या' ही पद्धत रुळली ती त्याच्यापासून.) १९१३ साली त्याने नव्या डॉक्टरांसाठी एक लेख लिहिला. उपचार सुरू कसे करावेत हा विषय. मोठी गंभीर तत्त्वं असतील या तयारीने मी वाचायला घेतला, तर निम्मा लेख वेळ आणि पैसा यांवरच! एखाद्या कन्सल्टन्सीच्या करारासारखा.

त्यात तो म्हणतो ते थोडक्यात असं. माझ्या दिवसातला एक ठराविक तास मी पेशंटला भाड्याने देतो. तो तास त्याचा. तो आला तरी त्याचा आणि नाही आला तरी त्याचाच, आणि त्याचे पैसे त्याने द्यायचे. संगीताच्या किंवा भाषेच्या शिकवणीला घरंदाज लोक हेच करतात, तिथे कुणी कुरकुरत नाही, मग डॉक्टरच्या बाबतीतच ते कठोर का वाटावं? वर आणखी एक मजेशीर निरीक्षण. नियम सैल ठेवला की 'अचानक' येणाऱ्या अडचणी इतक्या वाढतात की डॉक्टरचं पोटच धोक्यात येतं. नियम कडक केला की अडचणी जवळपास नाहीशा होतात, आजारपणंसुद्धा कमी होतात!

हे वाचून मी जरा चपापलो. माझा सर्व्हर खरंच बंद पडला होता, ते खोटं नाही. पण त्यानंतरचे दोन गुरुवार? तिथे कुठला सर्व्हर होता?

पैशाबद्दलही तो असाच सरळ. सुसंस्कृत माणसं पैशाकडे तशीच बघतात जशी कामवासनेकडे, म्हणजे लपवाछपवी, लाज आणि ढोंग. म्हणून डॉक्टरने पहिल्यापासून आकडा मोकळेपणाने सांगावा, उधारी साचू देऊ नये, ठराविक मुदतीने, म्हणजे महिन्याच्या महिन्याला, हिशोब चुकता करून घ्यावा. आपल्याकडे ही लाज तर दुप्पट. डॉक्टरांना 'फी किती' विचारताना आपला आवाज आपोआप खाली जातो. आणि मनाच्या डॉक्टरांना विचारताना तो पार नाहीसाच होतो. मी स्वतः पहिल्या भेटीची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवली, कारण फोनवर बोललो असतो तर शेजारच्या क्यूबिकलमध्ये ऐकू गेलं असतं.

पण फ्रॉइडचा नियम नुसता तत्त्वातून आला नव्हता हेही ध्यानात घ्यायला हवं. घरात बायको, मेहुणी आणि सहा मुलं. शिवाय म्हातारी आई आणि बहिणी यांचाही भार होताच. पगार नाही, पेन्शन नाही. विकायला फक्त दिवसातले तास. आणि प्रत्येक पेशंट रविवार सोडून रोज येणारा, आठवड्याला सहा तास, कित्येक महिने. म्हणजे एका वेळी जेमतेम आठ-दहा ग्राहक. त्यातला एक जरी गळाला तरी महिन्याचं गणित कोसळणार. फ्रीलान्सिंग केलेल्या कुणालाही हे दुखणं लगेच कळेल.

पहिल्या महायुद्धानंतर तर परिस्थिती आणखी बिकट झाली. ऑस्ट्रियाचं चलन कोसळलं, आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. मग फ्रॉइडने काय केलं असेल? आपल्या आयटीवाल्यांनी केलं तेच. डॉलरवाले क्लायंट धरले! १९२१ मध्ये न्यूयॉर्कहून अब्राम कार्डिनर नावाचा तरुण डॉक्टर त्याच्याकडे शिकायला म्हणून आला. दर ताशी १० डॉलर, तेही रोख नोटांत, चेक चालणार नाही. परदेशी पेशंटसाठी साठीतला हा गृहस्थ दिवसचे दिवस इंग्रजीत ऐकत बसायचा.

याच कार्डिनरने १९७७ साली छापलेल्या आठवणींत एक किस्सा सांगितलाय, तो वाचून मी खुर्चीतच हसलो. फ्रॉइडने चुकून आपल्याकडच्या तासांपेक्षा एक पेशंट जास्त घेतला. म्हणजे आपल्या भाषेत ओव्हरबुकिंग. जागा पाच, माणसं सहा. एकाने दुसऱ्या डॉक्टरकडे जावं असं सुचवलं तर कुणीच तयार होईना. शेवटी मुलगी अ‍ॅना हिने हिशोब मांडला. पाच जण गुणिले सहा तास म्हणजे तीस, आणि सहा जण गुणिले पाच तास म्हणजेही तीस. प्रत्येकाने आठवड्याचा एक तास सोडला की सगळे मावतात. झालं! आठवड्याला सहाऐवजी पाच दिवस आले. पुढे पाच दिवसांचा आठवडा हीच जणू शास्त्रीय मात्रा म्हणून रूढ झाली. कार्डिनरच्या सांगण्यावरून तिचं मूळ मात्र या हिशोबात. ज्याला आपण शास्त्र समजतो त्यातलं बरंचसं वेळापत्रक असतं... कोडमध्ये नाही का, कुणीतरी घाईत लिहिलेला आकडा दहा वर्षांनी 'आर्किटेक्चर' होऊन बसतो.

इथवर वाचून माझा राग निवळला होता. मॅडमचेही दिवसात पाच-सहाच तास असणार. माझा साडेसातचा तास रिकामा गेला तर तो ऐनवेळी दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. ठीक आहे बाबा, देतो पंधराशे. एवढ्यावर हा लेख संपला असता.

पण त्याच १९१३ च्या लेखात एक गोष्ट आहे, तिने मला अडकवलं. फ्रॉइड लिहितो की मी सुमारे दहा वर्षं रोज एक तास, कधी दोन तास, फुकट उपचारांसाठी ठेवत होतो. त्यातून त्याने निष्कर्ष काय काढला? फुकटने फायदा होत नाही, उलट काही पेशंटचा आतला विरोध वाढतो. पैसे दिले की माणूस बरं व्हायचं मनावर घेतो. हा विचार आपल्याकडेही कुठेही ऐकायला मिळेल. 'फुकटची किंमत नसते हो!' आणि गरिबाचं काय? तर त्याच्यापर्यंत ही पद्धत जवळजवळ पोचतच नाही, असं त्याने तिथे लिहून टाकलंय. विषय संपला.

मात्र पाच वर्षांनी हाच माणूस उलटं बोलला. सप्टेंबर १९१८, बुडापेस्ट. महायुद्ध शेवटच्या टप्प्यात. युद्धात मन मोडलेले हजारो शिपाई सगळ्यांनी पाहिलेले. मनोविश्लेषकांच्या परिषदेत फ्रॉइड म्हणाला की कधी ना कधी समाजाचा विवेक जागा होईल. गरिबाला जसा शस्त्रक्रियेने जीव वाचवून घ्यायचा हक्क आहे तसाच मनावरच्या उपचारांचाही हक्क आहे हे मान्य होईल. मनाचे आजार सार्वजनिक आरोग्याला क्षयरोगाइतकेच घातक आहेत, तेव्हा त्यासाठी संस्था उभ्या राहतील आणि तिथे उपचार फुकट मिळतील. सरकारला हे पटायला वेळ लागेल, तोवर दानशूर लोकांनी सुरुवात करावी. आणि हो, इतक्या लोकांपर्यंत जायचं तर विश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात थोडं तांबं मिसळावं लागेल, हेही तो म्हणाला. आपल्या सोनाराला हे सांगायला नको, चोख सोन्याचा दागिना टिकतच नाही.

विशेष म्हणजे लोकांनी ते नुसतं टाळ्या वाजवून सोडून दिलं नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिनला पॉलिक्लिनिक उघडलं. पैसा मुख्यतः माक्स आयटिंगॉनचा, ज्याच्या घरी फरचा मोठा व्यापार होता. फीचा नियम एवढाच की पेशंटला जेवढं झेपेल असं वाटतं तेवढं त्याने द्यावं. काहीच झेपत नसेल तर काही देऊ नये. मे १९२२ मध्ये व्हिएन्नात पेलिकानगासेवर तसंच केंद्र निघालं, अ‍ॅम्बुलाटोरियम. तिथे स्वतःची जागाही नव्हती. हृदयरोग केंद्राच्या खोल्या दुपारनंतर मोकळ्या होत त्या वापरायच्या. फ्रॉइडच्या घरी गालिचा पसरलेला मऊ कोच, इथे तपासणीचं टेबल. डॉक्टरांनी आपल्या तासांपैकी काही तास इथे द्यायचे. ज्याला वेळ नाही त्याने तेवढ्या तासांचे पैसे द्यायचे. म्हणजे पुन्हा तासाचे पैसेच, फक्त यावेळी देणारा डॉक्टर होता!

बर्लिनच्या मंडळींनी दहा वर्षांचा हिशोब १९३० साली छापला. मला असे तक्ते फार आवडतात, म्हणून देतोच. पहिल्या दहा वर्षांत सल्ल्यासाठी आलेले १,९५५. त्यातून ७२१ जणांचे उपचार सुरू झाले. ३६३ पूर्ण झाले, ११७ अजून चालू होते, आणि २४१ जणांनी मध्येच सोडून दिलं. पूर्ण झालेल्यांपैकी ४७ जणांना काही गुण आला नाही हेही त्यांनी न लपवता छापलं, बाकीच्यांना कमी-जास्त फरक पडला. 'फुकटने काही होत नाही' या म्हणण्याचं काय झालं ते तुम्हीच बघा.

माझी नजर मात्र त्या २४१ वर खिळली. मध्येच सोडून गेलेले. त्यांच्यातल्या प्रत्येकाने काहीतरी कारण दिलं असेल. काम आहे, लांब पडतं, आता बरं वाटतंय. मी माझं नाव मनातल्या मनात त्या रकान्यात लिहून बघितलं, २४२ वं. आणि ते काही बरं दिसेना.

पुढे नाझी आले. विश्लेषकांपैकी बरेच जण ज्यू, त्यातले कित्येक डाव्या विचारांचे. बर्लिनचं केंद्र १९३६ मध्ये सरकारी धोरणाच्या संस्थेत गिळलं गेलं, व्हिएन्नाचं १९३८ मध्ये बंद झालं. फ्रॉइड लंडनला गेला आणि पुढच्याच वर्षी वारला. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी बरेचजण अमेरिकेत पोचले. तिथे ही पद्धत वाढली ती मुख्यतः खाजगी दवाखान्यांत, पैसेवाल्यांसाठी. कोच, घड्याळ आणि पन्नास मिनिटांचा 'तास' हे चित्र आपल्या डोक्यात हॉलिवूडने बसवलं ते तिथलंच. फुकटची केंद्रं बहुतेक सगळे विसरून गेले. मलाही पंधराशे रुपयांचा राग आला नसता तर कळली नसती.

आता आपल्याकडे काय चाललं होतं ते बघू. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस नावाचे डॉक्टर होते. फ्रॉइडला कधीच भेटले नाहीत, पण पत्रव्यवहार १९२१ पासून पुढे बरीच वर्षं चालला. १९२२ मध्ये, म्हणजे व्हिएन्नाच्या केंद्राच्याच वर्षी, त्यांनी इंडियन सायकोअ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते १९३३ सालचं काम. त्यांनी कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजच्या, म्हणजे आजच्या आर. जी. कर रुग्णालयात मानसिक आजारांसाठी ओपीडी सुरू केली. साध्या सर्वसाधारण रुग्णालयात अशी सोय भारतात पहिल्यांदाच होत होती. मुंबईत १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानींनी तशीच ओपीडी उघडली.

ओपीडी हा शब्द आपल्याला किरकोळ वाटतो. पण त्या काळात मनाचं दुखणं म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, आणि १९१२ च्या कायद्यानुसार तिथे भरती करायची म्हणजे बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेटचा हुकूम. म्हणजे एक तर घरात गप्प बसा, नाहीतर कोर्टामार्फत आत जा. मधलं काही नाहीच. ओपीडीने पहिल्यांदा ते मधलं दार उघडलं. केसपेपर काढा, बाकावर बसा, नंबर लागला की आत जाऊन बोला, आणि संध्याकाळी घरी या. हातात तोच केसपेपर जो खोकल्यासाठी आलेल्या माणसाच्या हातात असतो. अर्थात ही दारं मोजकीच होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आकडा आहे. भारतात ४० हजार लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट, इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक.

इथे जरा घरचं सांगतो. २००९ साली बाबांची कंपनी बंद पडली. मी तेव्हा सातवीत. बाबा जवळजवळ दोन वर्षं गॅलरीत खुर्ची टाकून बसून असायचे. ओरडले नाहीत, दारू नाही, काही नाही. फक्त बोलायचेच नाहीत. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. एका काकांनी एक माणूस सुचवला, त्याने अंगारा दिला. आईने सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या, पण त्या आमच्या शाळेच्या फीसाठी. बाबांना कुणाशी बोलायला न्यावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तरी दर आठवड्याला परवडलं नसतं. आणि सरकारी रुग्णालयात यासाठी ओपीडी असते, तिथे केसपेपरला किरकोळ पैसे लागतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. बाबा हळूहळू आपले आपणच सावरले. बरेचसे. सगळे नाही.

आज ते बाबा असते तर? २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण सांगतं की नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या आजारांत शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आणि ज्यांच्यापर्यंत पोचतात त्या कुटुंबांचा उपचार आणि प्रवास मिळून महिन्याचा खर्च साधारण हजार ते पंधराशे रुपये. ते वाचून मी थबकलो. एका अख्ख्या घराचा महिन्याचा खर्च म्हणजे माझा एक गुरुवार. तोच, जो मी बुडवला.

मग विम्याचं बघितलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलंय की शारीरिक आजाराला विमा जसा मिळतो तसाच मानसिक आजारालाही द्यावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसं कळवलं. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला हे पुन्हा ठणकावून सांगावं लागलं आणि २०२२ मध्ये नियामकाने परत पत्रक काढलं. एका बगसाठी तीन तिकिटं, तशातली गत! मोठ्या उत्साहाने मी माझ्या कंपनीची पॉलिसी उघडली. मानसिक आजार यादीत आहे. पण पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरची, ओपीडी त्यात नाही. म्हणजे पडून राहण्याइतका आजारी झालो तर विमा मिळेल. तसं होऊ नये म्हणून दर गुरुवारी तासभर बोलायला गेलो तर खिशातून. आणि गंमत अशी की यात कुठलाही भेदभाव नाही, कारण खोकल्याची ओपीडीही त्यात नाहीच. कायदा पाळला गेलाय आणि प्रश्न आहे तिथेच आहे.

मग फ्रॉइडचं १९१८ चं ते भाकीत कुठे खरं झालं का? काही ठिकाणी झालं. इंग्लंडमध्ये २००६ साली रिचर्ड लेयर्ड या अर्थशास्त्रज्ञाने हिशोब मांडला की एका माणसाच्या बोलण्याच्या उपचाराला साधारण ७५० पौंड लागतात, आणि तो माणूस कामावर परतला की सरकारचे तेवढे पैसे वसूल होतात. २००८ पासून तिथे सरकारी खर्चाने हे उपचार मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. बुडापेस्टच्या भाषणानंतर बरोबर नव्वद वर्षांनी.

पण मला भावलं ते आपल्या शेजारचं उदाहरण. गोवा. तिथे 'संगत' ही संस्था १९९६ पासून काम करते, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. त्यांनी विचारलं की मुळात तज्ज्ञच मूठभर आहेत, तर तज्ज्ञाचाच तास हवा हा हट्ट कशाला? आधी या क्षेत्रात कधीच काम न केलेल्या स्थानिक लोकांना त्यांनी काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्यांशी सहा ते आठ बैठका घ्यायला लावल्या. निकाल २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीची देखभाल, जरा सुधारून, एवढंच मिळालेल्यांत ३९ टक्के. फ्रॉइड म्हणाला होता ना, सोन्यात तांबं मिसळावं लागेल? गोव्यात त्याचा दागिना झाला.

आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे टेली-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ हा नंबर. फोन फुकट, मराठीतही बोलता येतं. दर गुरुवारी तोच माणूस ऐकेल असं नाही, तो वेगळा प्रकार. पण गॅलरीत बसलेल्या माणसाच्या घरच्यांना 'आता काय करायचं' हे विचारायला एक नंबर तर आहे. २००९ मध्ये आमच्याकडे तेवढंही नव्हतं.

तर मी काय शिकलो? मॅडमचा नियम चुकीचा नाही. त्यांचा तास खरा आहे आणि त्याला किंमत आहे. पण ती किंमत माझ्याच खिशातून यायला हवी, असा काही निसर्गनियम नाही. बर्लिनमध्ये ती फरच्या व्यापाऱ्याने दिली, व्हिएन्नात डॉक्टरांनी, इंग्लंडात सरकारने. कुणीतरी द्यावीच लागते. आणि कुणीच दिली नाही तर ती घरातलीच माणसं देतात, दोन वर्षं गॅलरीत बसून.

परवाच्या गुरुवारी गेलो. आधी बुडवलेल्या तासाचे पंधराशे दिले, मग खरं सांगितलं की मधले दोन आठवडे काम नव्हतं, रागावलो होतो. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आज इथूनच सुरुवात करू." मग मी धीर करून तो प्रश्नही विचारला, ज्याला एवढी वर्षं लाज वाटत होती. ज्यांना एवढे पैसे जमत नाहीत त्यांचं काय? तर आठवड्यातले तीन तास त्या जमेल त्या फीमध्ये ठेवतात. बाहेर पाटी नाही, पण विचारलं तर सांगतात. मला कुणी विचारलं तर मीही आता सांगणार.

रात्री आईला फोन केला आणि हे सगळं सांगितलं, व्हिएन्ना, कलकत्ता, गोवा. तिने शांतपणे ऐकून घेतलं. (फुकट ऐकते म्हणाली होती, शब्द पाळला.) मग म्हणाली, "त्यांना विचारू का रे? अजूनही जाता येईल का त्यांना?"

मी म्हटलं, विचार. तो नंबर लिहून घे आधी.